हंड्यातलं शुद्ध पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. आधी मी शहापूरला दातांच्या दवाखान्यात होते. दाढ धरून बसलेली माणसं माझ्यातले मासे बघत बसायची. दवाखाना हलला तशी मी माळ्यावर गेले, आणि वर्षभर माझ्यात कांदे राहिले.

तिथून शेखरने मला तानशाला, आपल्या घरी आणलं. नळाच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवून मला भरलं. खडक आले, प्रवाळ आले, गोगलगायी आल्या, दोन नारिंगी मासे आले आणि लाल पाठीवर पांढरी रेघ असलेली एक कोळंबी आली. शेखरच्या पाच वर्षांच्या हर्षालीने तिचं नाव गंगी ठेवलं. हर्षालीने काचेला बोट लावलं की गंगी मिशा हलवायची.

मग माझ्या अंगावर हिरवं शेवाळ चढू लागलं. हर्षालीची आई वैष्णवी रोज सकाळी ते पुसायची, दुपारपर्यंत ते परत हजर.

"अहो, असं काय आहे या पाण्यात? हर्षालीपण हेच पिते ना?" ती शेखरला विचारायची.

"अख्खी मुंबय आपल्या तानशाचं पानी पिते," भाजी निवडता निवडता तिची सासू, हौसाआजी म्हणायची. "तुज्या माशांचेच लाड जास्त."

माशांचा दुकानदार दिपेश म्हणाला, "ताई, प्यायला ते चांगलंच आहे. पण शेवाळालाही त्यातूनच खाणं मिळतं. पाणी शुद्ध करायचं यंत्र लावा आणि त्या पाण्यात मीठ कालवा."

यंत्र आलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळायचं, खाली निळी बादली. हौसाआजीला ते बघवेना.

"धुन्याच्या बादलीत कोन चांगलं पानी भरतं गो?"

तिने माहेरचा तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख केला आणि यंत्राखाली ठेवला. वैष्णवीलाही ते पटलं. घरातलं प्यायचं पाणी तांब्याच्या भांड्यातच असायचं. हंडा रात्रभर भरायचा आणि सकाळी मीठ कालवून माझ्यात रिकामा व्हायचा.

शेवाळ खरंच कमी झालं. येणारा जाणारा मला नावाजू लागला. पण मला काहीतरी वेगळंच वाटत होतं. प्रवाळ मुठी आवळून बसले. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या, त्या परत चढल्याच नाहीत. गंगी कुशीवर पडून राहू लागली. आणि ते दोन मासे मात्र मजेत फिरत होते. पाणी वाईट म्हणावं, तर मासे बरे कसे? चांगलं म्हणावं, तर गंगी अशी का? मला काहीच उमगेना.

वैष्णवीलाही उमगेना. तिने आणखी पाणी बदललं, त्याच हंड्यातून. गंगी आणखी मलूल झाली.

"आई, गंगी मरनार का?" हर्षालीने विचारलं. वैष्णवीने दिपेशला फोन लावला.

"पाणी साठवता कशात?" त्याने विचारलं.

वैष्णवीची नजर हंड्याकडे गेली. "तांब्याच्या हंड्यात."

"ताई, थोडं तांबं माणसं सोसतात, मासेही सोसतात. कोळंबी, प्रवाळ, गोगलगायी नाही सोसत. आणि असं शुद्ध पाणी रात्रभर ठेवलं की त्यात तांबं उतरतं."

आता घरात आवाज चढणार, असं मला वाटलं. हौसाआजी भिंतीला टेकून बसली.

"म्हंजे मीच मारलं का गो त्यांना?"

"रसायनशास्त्र मी शिकले, आई," वैष्णवी म्हणाली. "आणि हंडा रोज मीच ओतला."

शेखरने पांढरं प्लास्टिकचं पिंप आणलं. चार दिवस घरातले माझं पाणी बदलत होते. दिपेशने दिलेली, तांबं शोषून घेणारी कोळशाची पिशवीही माझ्यात सोडली. पाचव्या दिवशी सकाळी तळाशी गंगीचं पांढरं, पोकळ अंग पडलेलं दिसलं. हर्षालीने रडून घर डोक्यावर घेतलं. वैष्णवी तिला जवळ घेऊन उभी राहिली, माझ्याकडे बघवेना तिला.

हौसाआजी मात्र काचेला नाक लावून बघत होती. "रडतं कशाला? कात टाकली तिनं. ती बघ, दगडामागं."

गंगी हळूहळू बाहेर आली. हर्षालीने ओलं बोट काचेला लावलं. गंगीची एक मिशी हलली.

आता पिंपाच्या झाकणाला हौसाआजीने लाल दोरा बांधलाय, कोणी हात लावू नये म्हणून. हंडा परत स्वयंपाकघरात गेला. त्यातलं पाणी हर्षालीला देताना वैष्णवी अजूनही क्षणभर थबकते.

मित्रांनो, एवढ्या मायेने घासलेल्या हंड्यातलं पाणी आमच्या जिवावर का उठावं, हे मला आजही नीटसं कळलेलं नाही. एवढंच कळतं, की गंगीला बोलता येत नव्हतं. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यावर माया करण्याआधी त्यांना काय सोसतं, ते कोणालातरी विचारून घ्या.