हवा मारायची सवय

महाळुंग्याच्या कंपनीत शिफ्ट सुटली की पोरं कॉम्प्रेसरच्या पाइपने एकमेकांच्या अंगावर हवा मारून कपड्यांतली धूळ उडवायची. मनाईची पाटी होती, पण पाटी वाचतो कोण! सुजितच्या हाताला ती सवयच जडली होती.

रविवारी सकाळी चिखलीच्या घरात त्याने नवा इलेक्ट्रिक ब्लोअर काढला आणि कॉम्प्युटर खोलून साफ केला. सगळी धूळ शेजारी उभ्या असलेल्या लेकीच्या, स्वरूपाच्या केसांत गेली. "थांब, तुलाही साफ करतो," म्हणत त्याने तिच्या केसांवर, पाठीवर हवा मारली. ती खिदळली आणि गुदगुल्या झाल्या म्हणून तिने झटकन मान फिरवली. ब्लोअरचं तोंड नेमकं कानाला लागलं.

पोरगी किंचाळली. आत मिक्सर चालू होता, त्यामुळे त्याच्या बायकोला, रुपालीला काहीच ऐकू गेलं नाही.

कंपनीतल्या विक्कीच्या कानाचा पडदा असाच फाटला होता. तेव्हा हसणाऱ्यांत सुजितही होता.

तिचं रडणं ओसरलं, मिक्सरही थांबला. सुजितने तिचा चांगला कान घट्ट दाबला, दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि हाक मारली, "स्वरू!"

"अहो, कशाला एवढ्या मोठ्याने हाक मारताय तिला?" स्वयंपाकघरातून रुपाली म्हणाली.

स्वरूपा तशीच वाट बघत बसली होती.

"पप्पा," ती म्हणाली, "बोला ना काहीतरी."