वरचं गाठोडं

आमच्या धुलाईघरात मला क्रेन म्हणतात. आज नाही, बावीस वर्षं म्हणतात. हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, पडदे मशिनीत धुऊन निघतात, ती ओली गाठोडी मशिनीच्या तोंडातून ओढून ट्रॉलीत टाकायची, ही ओली बाजू. वाळलेल्याला इस्त्री करून घड्या घालायच्या, ती कोरडी बाजू. ओल्या बाजूची बाई कोरड्या बाजूला गेली की समजायचं, संपली. तिला कुणी टाकून बोलत नाही. फक्त तिच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवतं. त्या खुर्चीचा मला मरणाचा राग.

आमची एक रीत आहे. शिफ्टचा आकडा भरला की निघायच्या आधी ओल्या बाजूच्या प्रत्येकीने एक गाठोडं जास्तीचं काढायचं. त्याला आम्ही ‘वरचं’ म्हणतो. ते कुठे लिहीत नाहीत, कुणी शाबासकीही देत नाही. आपण कोण आहोत हे कोरड्या बाजूला दिसावं, एवढ्यासाठीच ते. बावीस वर्षांत मी एकही वरचं चुकवलं नव्हतं. अंगात ताप असतानासुद्धा.

मी पन्नाशी ओलांडली आणि नवा नियम निघाला. पन्नाशीपुढच्यांनी वर्षातून एकदा चाचणी द्यायची. पंचवीस किलोचं गाठोडं जमिनीवरून कमरेएवढ्या टेबलावर, दहा वेळा, मध्ये न थांबता. नाही जमलं तर घड्यांचं टेबल. सुपरवायझर माझ्या मुलापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा. गोड आवाजात म्हणाला, “मावशी, आता बसा की जरा. किती करायचं माणसाने?”

“तू बसूनच आहेस ना रे? मग दोघं कशाला?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्याच दुपारी मी गुपचूप गाठोडं उचलून पाहिलं. सात झाली. आठव्याला कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. चाचणीला पाच महिने होते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक व्यायामशाळा आहे. ती चालवणारी बाई साठीची, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, दंड अजून नारळासारखे. तिला सगळे ताई म्हणतात. तिने मला फॉर्म दिला. वय, दुखणी, सगळं भरलं. ‘काय काम करता’ या रकान्याशी थांबले. आजूबाजूला गुळगुळीत हाताच्या बायका पाण्याच्या रंगीत बाटल्या घेऊन उभ्या. चादरी ओढते असं लिहायचं आणि मग त्यांची कीव सोसायची? रकाना कोरा सोडला. ताईनेही विचारलं नाही. तिने कागदावर लिहून दिलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार व्यायाम. बाकी दिवस पूर्ण विश्रांती.

मी मन लावून केलं. ती आठ म्हणाली की मी नऊ करायची. वरचं माझ्या हाडातच भिनलेलं. पहिल्या पंधरवड्यात गाठोडी सातावरून आठ झाली. मग परत सात. मग सहा. दीड महिन्याने चारवर आले. रात्री खांदे ठणकायचे, सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. वय झालं, असं म्हणून रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी आणखी जोर लावला. घरी न सांगता मंगळवारीही जाऊ लागले.

एका मंगळवारी ताईने मला दारातच अडवलं. “आज तुमचा विश्रांतीचा दिवस ना?”

“विश्रांती झाली की. आता कामावरूनच आले.”

“काय काम करता तुम्ही?”

“हॉस्पिटलच्या धुलाईघरात. ओली गाठोडी काढते.”

“वजन किती असतं?”

“असेल पंधरा किलो. एखादं वीस.”

“दिवसाला किती?”

“ऐंशी. आणि वरचं एक.”

ताईने मान खाली घातली. मनात गुणाकार करत होती. मग वर बघून म्हणाली, “अहो बाई, तुमचा विश्रांतीचा दिवस म्हणजे बाराशे किलो! इथल्या बायका आठवड्यात मिळून तेवढं उचलत नाहीत. आणि तुमच्या कागदावर मी लिहिलंय ‘विश्रांती’. मीच गाढव.”

“मी रकाना भरला नाही.”

“का?”

“माझी मर्जी.”

“मग दोघी गाढव,” ती म्हणाली. “बसा आता.”

मी बसले. तिने सांगितलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलच्या भिंतीवर पोस्टर आहे, ‘चाळिशीनंतर व्यायाम करा, पुरेशी विश्रांती घ्या’. चित्रात एक बाई गवतावर बसून हसते आहे. ज्याने ते लिहिलं त्याने आयुष्यात ओली चादर उचललेली नाही. त्याच्या हिशेबात काम म्हणजे खुर्ची, आणि व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं. आम्ही त्या चित्रात कुठेच नाही. ताई म्हणाली, “ताकद उचलताना येत नाही. उचलून झाल्यावर अंग भरून निघतं, तेव्हा येते. तिशीत एका रात्रीत भरून निघतं. पन्नाशीत दोन लागतात. तुम्ही अंगाला एकही दिलेली नाही. म्हातारपण नाही हो हे, तुम्ही थकलाय.”

म्हातारी नाही, थकलेली. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की सायकलवाल्याने विचारलं, लॉटरी लागली का.

नवा कागद झाला. जड व्यायाम फक्त शनिवारी, कारण रविवारी सुट्टी. बुधवारी हलकं, अर्धा तास. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्मं. कामावर माझी जोडीदारीण आहे, उंचीमुळे तिला आम्ही शिडी म्हणतो. तिच्याशी तासातासाने जागा बदलायची, म्हणजे एकाच अंगावर भार नको. रविवारी दुपारी झोप. आणि चाचणी होईपर्यंत वरचं बंद.

झोपेने घरात गोंधळ उडाला. पहिल्या रविवारी मी दुपारी आडवी झाले, तर मुलगा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघून गेला. नवरा ट्रक चालवतो, पंक्चर झाल्याशिवाय कुठे थांबलेला मी पाहिला नाही. तो दारात उभा. “काय झालं? डॉक्टरकडे जाऊ या का?”

“काही नाही झालं. झोपलेय.”

“दिवसा?”

“तुम्ही दर रविवारी घोरता तेव्हा मी डॉक्टर आणला होता का?”

तो गेला. संध्याकाळी नणंद फळं घेऊन बघायला आली. बाई निजली म्हणजे आजारीच असणार. मी फळं खाल्ली, आणि घरच्या जाड चादरी धुवायला बापलेकांच्या हाती दिल्या. धड पिळता येईनात. म्हटलं, शिका.

वरचं बंद केलं ते मात्र जिव्हारी लागलं. आकडा भरला की मी हात पुसून निघायची आणि मागून शब्द यायचे. “क्रेनला गंज चढला गं.” “तेल घाला, तेल!” एके दिवशी शिडीसुद्धा म्हणाली, “बाई, खरं सांग, संपलीस का?” “चाचणीला ये,” एवढंच म्हणाले. बावीस वर्षांत त्या एका गाठोड्याने मला जेवढं थकवलं नव्हतं, तेवढं ते न उचलण्याने थकवलं.

चाचणीच्या दिवशी दोन्ही बाजू गोळा झाल्या. सुपरवायझरने वही काढली आणि टेबलाशेजारी एक खुर्ची आणून ठेवली. मी ती बघितली आणि गाठोड्यापाशी गेले.

एक. दोन. तीन. पाय रोवून, पाठ सरळ. सातव्याला कंबर गप्प. आठव्याला मी कळेची वाट पाहिली, ती आलीच नाही. नववं चादर झटकावी तसं गेलं. दहावं टेबलावर ठेवलं तेव्हा श्वास लागला होता, पण अंगात अजून होतं. मला माहीत होतं किती होतं. बारा झाली असती.

“वरचं!” कुणीतरी ओरडलं. मग सगळ्याच. “वरचं! वरचं!” सुपरवायझरही वही मिटून बघत राहिला.

हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षांची रीत. पण शिफ्ट अर्धीच झाली होती. मी गाठोड्याकडे पाठ केली आणि त्याने आणलेल्या खुर्चीवर बसले. ऐटीत, पायावर पाय टाकून.

“काय गं,” शिडी म्हणाली, “दमलीस?”

“नाही. अजून चाळीस काढायची आहेत. दहा मिनिटं बसणार आणि मग काढणार.” मी सुपरवायझरकडे पाहिलं. “ही खुर्ची ओल्या बाजूला नेऊन ठेव. तिथे लागते.”

तो खुर्ची न्यायला पुढे झाला.

“थांब की,” मी म्हटलं. “मी उठल्यावर.”