हस्तांदोलनाचे वीस गुण

बावीस वर्षं झाली, कंपालाच्या विद्यापीठात मी पोरांना परक्या माणसांशी कसं वागावं ते शिकवते. डोळ्यांत बघा, ताठ उभे राहा, हात नीट मिळवा. घसा बसला, पण धडा तोच. आताशा वर्गात शिरायचाही कंटाळा येतो.

यंदा एकच पोरगा कामाचा, लुबोवा. प्रात्यक्षिक पास झाला की वर्षभर जर्मनीला जाणार होता. पण गेल्या शनिवारी माझ्या बहिणीच्या मुलीशी, नासुनाशी, त्याचं लग्न ठरलं. आमच्यात बहिणीची लेक ती आपलीच लेक, म्हणजे मी त्याची सासू. आणि जावयानं सासूला शिवायचं नाही, जवळही उभं राहायचं नाही. शिवलं तर हात थरथरायला लागतात म्हणे. माझा विश्वास नाही. म्हणजे, नसावा.

प्रात्यक्षिकात मी कंपनीची मॅनेजर, विद्यार्थ्यानं येऊन हात मिळवायचा. बाहेरदेशाहून आलेल्या परीक्षक बाईंना मी विनवलं, "लुबोवापुरत्या तुम्ही माझ्या खुर्चीत बसा."

"मी फक्त बघायला आलेय. नियम सगळ्यांना एकच."

कारण सांगितलं, तर "अय्या, किती छान!" म्हणून वहीत टिपून घेतलं. नियम मात्र तोच.

लुबोवा आला आणि दारातच पाठ करून उकिडवा बसला.

"अरे, ये ना आत!" मी हात पुढे केला. "आज मी तुझी कुणी नाही. मॅनेजर आहे."

"शनिवारी आमच्या घरून सासूच्या मानाची आलेली गोमेसी नेसलात ना, न्याबो? मग आज कुणी नाही कशा?" न्याबो म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

"वेड्या, जर्मनी जाईल हातची!"

"जाऊ दे. लग्न काय जर्मनीशी लागतंय माझं?"

"आत्मविश्वास कमी आहे," बाई हळूच म्हणाल्या. असा संताप आला मला! पण गुणांच्या तक्त्यात रकाना एकच, हात मिळवला की नाही. मी वीसपैकी शून्य लिहिलं आणि सही केली.

"दमलात न्याबो," तो पाठमोराच म्हणाला. "जरा चहा घ्या."

बावीस वर्षांत समोर कोण आहे ते ओळखून वागणारा हा एकटा निघाला. बाईंनी तक्ता मागितला. द्यायला उचलला, तर माझा हात थरथरत होता. आणि मी त्याला शिवलेही नव्हते.