पाइपातली साय

आमच्या मामंजींना, म्हणजे गोकुळदासांना, कुणी हट्टी म्हटलं की ते खूश व्हायचे. सासरा म्हणून मी मान देते, पण खरं ते खरं. गोव्यातल्या शिरगावात आमची विहीर नावाजलेली. लईराई देवीच्या जत्रेला पार्से गावचे धोंड, म्हणजे निखाऱ्यांतून चालण्याचं व्रत घेतलेले, आधी आमच्या विहिरीवर आंघोळ करणार आणि मगच देवळाकडे जाणार. दुसऱ्या दिवशी परतताना गळ्यातली मोगऱ्याची एक माळ ते रहाटाला घालून जात. मामंजींना आयुष्यात एवढाच काय तो मान, आणि तो त्यांना पुरत होता.

मग गावाशेजारची लोखंडाची खाण विहिरीपेक्षा खोल गेली आणि विहीर आटली. घरात टँकरचं पाणी आलं, पण देवाच्या कामाला मामंजी त्याला हात लावत नसत. त्यांनी बोअर मारली. पाणी लागलं, पण कळशी रात्रभर ठेवली की वर नारिंगी साय धरायची, बोट लावलं तर बुळबुळीत. माझ्या नवऱ्याचे, गुरुदासाचे, सगळे गंजीफ्रॉक भगवे झाले, संन्यास न घेता. लोखंडी पाइप आतून लिंपून निघाला. धोंड गावच्या तळ्यावरच आंघोळ करून जाऊ लागले. जत्रेच्या दिवशी मामंजी जेवत नसत.

"खाणीचो चिखल तो. खाण बंद पडली काय निवळतलो," ते म्हणायचे.

खाण बंद पडली. खाणीवर चालणारा गुरुदासाचा ट्रक दारात उभा राहिला, तरी मामंजींचा चेहरा उजळलेला. मला इतका राग आला की त्यांना चहा दिला तो आपटूनच. पाणी मात्र निवळलं नाही.

शेवटी पाणी तपासणारी एक बाई डिचोलीहून आली. चांगली होती, ओट्यावर बसून समजावून सांगत होती. "आजोबा, हा नुसता गंज नाही. पाण्यातल्या लोखंडावर जगणारे बारीक जीव आहेत. एक चिकटतो, त्याच्या चिकटपणावर दुसरा बसतो, मग थरावर थर. ब्लीचिंग घातलं तर वरचे मरतात, आतले त्या बुळबुळीखाली सुखरूप राहतात."

मामंजींनी त्यातला एकच शब्द उचलला. लोखंड.

"पायपच काडून उडयतां. प्लास्टिकाक गंज खंयचो?"

"आजोबा, ते कशालाही चिकटतात," बाई म्हणाली. पण मामंजी तोवर उठलेसुद्धा होते.

दिवाळीनंतर पांढरा नवा पाइप बसला. पाणी असं आलं की कळशीचा तळ दिसावा. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मामंजी बसने पार्सेला गेले आणि भिकाजींना, त्या धोंडांतल्या सर्वांत जुन्या माणसाला, स्वतः आमंत्रण देऊन आले. मी अंगण सारवलं, घागरी चिंचेने घासल्या.

जत्रेच्या दिवशी धोंड आले. भिकाजी नळाखाली बसले. पाणी स्वच्छ पडत होतं आणि मामंजी हात जोडून उभे होते. एवढ्यात नळ खोकला. आतून शेंबडासारखा एक नारिंगी गोळा सुटला आणि भिकाजींच्या खांद्यावर पडला, मागोमाग दुसरा. मामंजी धावले आणि आपल्या उपरण्याने त्यांचा खांदा पुसू लागले. पुसेल तसं ते जास्तच पसरत होतं.

"ऱ्हांवदी, बाबा," भिकाजी हळूच म्हणाले. "आमी तळ्यार जातंव."

ते गेल्यावर मामंजींनी करवत आणली आणि पाइप उभा चिरला. बाहेरून शुभ्र. आत सगळीकडे ती साय, जाड, ओली. त्यांनी बोट फिरवलं.

"गंज न्हय गो, सुमन. जितें आसा हें."

"मामांनू, जेवूक चला," मी म्हटलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी धोंड परतताना दारात थांबले. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. भिकाजी म्हणाले, "फुडल्या वर्सा येतंव हां, बाबा."

"येवं नाकात," मामंजी म्हणाले. "ह्या घरांत उदक ना."

त्यांच्या तोंडून हे ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. भिकाजींनी गळ्यातली माळ काढली, कोरड्या रहाटाकडे एकदा बघितलं आणि ती मामंजींच्या हातात दिली.

मोगरा सुकत चालला होता. त्यावर शिंपडायला मामंजींनी पाणी मागितलं. मी टँकरच्या बादलीतला तांब्या भरून पुढे केला. कुठलं म्हणून त्यांनी विचारलं नाही.