डिपॉझिटमधून कापलेला थापा

टेम्पो भरून झाला होता. खाली भांडी, वर कूलर, त्याला टेकून गाद्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर फुलांच्या टोपल्या. सत्यभामानं दाराला कुलूप लावलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि ओट्यावर बसलेल्या घरमालकापुढे, भगवंतरावांपुढे, हात पसरला.

"द्या काकाजी. डिपॉझिट द्या, किल्ली घ्या. अमरावतीचा घरमालक आजच्या आज पैसे पायजेत म्हणते. नाई पोचले तं गाळा बी गेला अन् खोली बी."

नवरा गेल्यावर ती दर्यापूरकडचं गाव सोडून अकोल्याला आली, ती भगवंतरावांच्या घरामागच्या या दोन खोल्यांत. इथंच हार ओवून, विकून तिनं लेकीचं, हर्षाचं लग्न केलं. आता अमरावतीत देवळाजवळ फुलांसाठी गाळा मिळत होता, मागे राहायला खोली. रस्त्याच्या कडेला उन्हात बसणं एकदाचं संपणार होतं. अडलं होतं ते फक्त डिपॉझिटपाशी.

भगवंतरावांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नाही, असं सत्यभामा शेजारणींना नेहमी सांगायची. फक्त पैशाची गोष्ट निघाली की त्यांचा चष्मा मळायचा.

"देऊ नं. पण कापाकापी पाहा लागन." ते बोटं मोजू लागले. "कूलरसाठी खिडकीची जाळी कापली तुमी. खिळे ठोकले. फरशीवर झेंडूचे डाग. अन् आतल्या भिंतीवर तो हळदीचा थापा. तो पुसल्या जात नाही, पूर्ण खोलीले रंग मारा लागते. रंगातच सगळे गेले म्हणा. तरी मी वरून काही मागून नाही राहिलो."

"बाप्पा! उपकारच झाले," सत्यभामा म्हणाली.

जाळी कापली, हे खरं होतं. डागही खरे होते. तेवढंच कापलं असतं तर ती गुमान टेम्पोत बसली असती. पण थापा?

सासरी निघताना पोरीनं घराच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवून जायचा, ही त्यांच्या घरची रीत. भाड्याच्या भिंतीवर कसा उमटवावा म्हणून त्या दिवशी सत्यभामा अडखळली होती. तेव्हा भगवंतरावांच्या बायकोनं, मनकर्णाकाकूंनी, स्वतः वाटीत हळद कालवली, हर्षाचं मनगट धरलं आणि हात भिंतीवर दाबला. 'उमटव वो पोरी, भिंत काही रडत नाही,' म्हणाल्या आणि स्वतःच रडल्या. भगवंतराव तेव्हा मांडवात दुसऱ्यांदा बुंदी घेत होते.

त्या हाताचे पैसे?

"धर्मेंद्र," सत्यभामानं टेम्पोवाल्याला हाक मारली, "कूलर उतरव."

धर्मेंद्रनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालात सरकवला. "मावशी, आत्ताच तं चढवला! माही कंबर काय सरकारी हाय?"

"उतरव म्हणली नं."

"काहून पण?"

"काकाजी पैसे देऊन नाई राहिले. मंग मी बी जाऊन नाई राहिली. जेवढे पैसे याइच्यापाशी, तेवढे महिने इथंच काढतो."

भगवंतराव ताडकन उठले. "अवो बाई, आज नवीन भाडेकरू येऊन राहिले!"

"येऊ द्या. त्याइले बी चहा पाजू."

तिनं कुलूप उघडलं. कूलर पुन्हा त्याच भोकात बसला, त्यात पाणी पडलं, पंखा घरघरला. नव्या गाळ्यातल्या देवासाठी तिनं ओल्या फडक्यात मोगरा बांधून ठेवला होता. थाप्याखाली बसून ती तो ओवू लागली.

"मी पोलिसाले बोलावीन," दारातून भगवंतराव म्हणाले.

"बोलवा. थापा कोणत्या कलमात बसते, ते मले बी समजन."

मनकर्णाकाकू ताकाचे दोन ग्लास घेऊन आल्या. एक सत्यभामाला दिला, एक धर्मेंद्रला. नवरा पाहत राहिला. काकू परत गेल्या नाहीत, तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"मावशी, वेटिंग लागते बरं," ताक पिऊन धर्मेंद्रनं आठवण करून दिली.

"लाव. त्यात तुही कंबर बी लाव."

तेवढ्यात अमरावतीहून फोन आला. दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. "आलीच म्हणून समजा भाऊ," सत्यभामा ठसक्यात म्हणाली. फोन ठेवला आणि हातातली गाठ सुटली. चार कळ्या मांडीवर सांडल्या. तिनं त्या कोणी पाहायच्या आत उचलल्या.

ऊन कललं तेव्हा नवे भाडेकरू आले. नवरा गाडीतून सामान काढू लागला, बायको, प्रणाली, पुढे आली आणि दारातच थबकली. रिकाम्या खोलीत एक बाई कूलरच्या वाऱ्यात हार ओवत होती.

"काका, खोली आज रिकामी मिळणार होती ना?"

"होते नं, होते. जरासं..."

"ये पोरी, बस," सत्यभामा म्हणाली. "घाई नोको करू. काकाजी आधी रंग मारणार हायेत. माह्या पैशातून."

"रंग?" प्रणालीनं भगवंतरावांकडे पाहिलं. "पण रंग तुमचा तुम्ही मारून घ्या म्हणाला होतात ना? आम्ही डबे घेऊन आलोय."

भगवंतरावांनी घाईघाईनं चष्मा काढला.

"म्हंजे एकाच भिंतीचे दोघाइकून काढता तुमी?" मनकर्णाकाकूंना आता कंठ फुटला. "अन् तो थापा मी उमटवाले लावला होता. कापाचे तं माह्यातून कापा. उद्यापासून तुमच्या पोळ्या कमी करतो, बरोबर वसूल होईन."

भगवंतरावांचा चष्मा हातात होता, पण पुसणं त्यांना सुचलं नाही. "पैसे हायेत कुठं?" ते हळूच म्हणाले. "डिपॉझिट तं तवाच बोअरमधी गेलं. पाणी बी नाई लागलं."

सत्यभामानं त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर तिला त्यांची कीवही आली. ती तिनं गिळली.

"मंग तसं सांगाचं होतं काकाजी. लेकीचा हात कायले मधात आणला?"

प्रणालीच्या नवऱ्यानं आपल्या डिपॉझिटचं पाकीट पुढे केलं. ते भगवंतरावांच्या हाताला लागलं न लागलं, तोच काकूंनी सत्यभामाच्या हातात ठेवलं. जास्तीचं तिनं परत केलं आणि आपल्यातल्या काही नोटा ओट्यावर ठेवल्या.

"हे जाळीचे. हे डागाचे. हे माह्याकडून होते. खिळ्याचे नाई देत, तुमच्या कॅलेंडरले कामी येतीन."

भगवंतरावांनी किल्लीसाठी हात पुढे केला. सत्यभामानं पदराची गाठ सोडली आणि किल्ली प्रणालीच्या हातात दिली.

"सामान आत नोको नेऊ. आधी मोबाईल काढ. जाळी, फरशी, भिंती, साऱ्याचे फोटो घे. अन् प्रत्येक फोटोत काकाजीले उभं कर."

"मले कायले?"

"साक्षीले."

भगवंतराव उभे राहिले. जाळीपाशी, डागापाशी, खिळ्यांपाशी. शेवटी थाप्यापाशी आले तेव्हा मनकर्णाकाकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याही शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"हा बी नीट घे पोरी," सत्यभामा म्हणाली. "आधीपासून हाय म्हणून."

मग हार फडक्यात गुंडाळून ती बाहेर आली. अजून उजेड होता.

"धर्मेंद्र, कूलर चढव."

"माय वो!" धर्मेंद्र म्हणाला आणि कंबर धरून उठला.