पास्का फुगेपर्यंत हलायचं नाही

ईस्टरच्या आदल्या दिवशी ओरिसियाने पास्क्याचं पीठ मळलं, पातेलं फडक्याने झाकून स्वयंपाकघरातल्या गरम हवेच्या जाळीपाशी ठेवलं आणि घरात मौन जाहीर केलं. सणाचा हा गोड पाव फुगत असताना कुणी मोठ्याने बोललं, दार आपटलं, की तो बसतो. फोन ड्रॉवरमध्ये कोंबले गेले.

"आणि तिमको, तू हलूच नकोस. तू चाललास की सगळी जमीन हलते."

तिचा नवरा निमूट खुर्चीत बसला. गेल्या वर्षी पास्का बसला होता आणि त्याच्या बहिणीकडून, स्तेफ्काकडून, एक मागून आणून चर्चमध्ये आशीर्वादाला न्यावा लागला होता. तेव्हापासून स्तेफ्का भेटेल तिथे विचारायची, "वहिनी, यंदा किती करू? तुमचा धरून?"

दोष घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीवर आला होता. म्हणून तिमकोने यंदा बर्नर साफ केला, भट्टीतली हवा गाळणारी जाळी बदलली (आधी उलटी बसवली, मग बाणाकडे लक्ष गेलं) आणि भिंतीवरची तापमान ठरवायची जुनी गोल चकती काढून भट्टी आपोआप चालू-बंद करणारा स्मार्ट थर्मोस्टॅट लावला.

"घरात माणसं आहेत की नाहीत, हे याला आपोआप कळतं," तो म्हणाला होता.

"तू असून नसल्यासारखा. तुझं कसं कळणार त्याला?" ओरिसिया म्हणाली होती. "पास्का बसला, तर ते डबडं उतरवायचं."

बाहेर उणे पंधरा. कॅनडातल्या या डॉफिन गावात एप्रिलचा काही भरवसा नसतो. तिमकोची नजर पातेल्यावरच होती. जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने फडक्याचं टोक मघापासून फडफडत होतं. आता ते गपकन खाली पडलं.

"भट्टी बिघडली?" ओरिसिया कुजबुजली.

तिमकोने मान लांब करून बोळात पाहिलं. थर्मोस्टॅटवर रिकाम्या घराचं चित्र होतं.

"भट्टी ठणठणीत आहे. कुणी हलत नाही, म्हणून त्याला वाटतंय आपण बाहेर गेलोय."

"मग सांग त्याला!"

"ते फोनवरून सांगायचं. फोन ड्रॉवरमध्ये."

"तो ड्रॉवर किंचाळतो. बटण दाब."

"दाबलं की ते पिपाणी वाजवतं."

"मग?"

"त्याच्यासमोर हलायला हवं."

ओरिसियाने डोळे मिटले. "पाय न वाजवता."

तिमको बूट काढून लोकरी मोज्यांवर बोळात गेला आणि दोन्ही हात हलवू लागला. पडदा उजळला: 'या तिमको, घरी स्वागत आहे.' खाली भट्टी गुरगुरली, फडकं फडफडलं. पण आता थांबायची त्याची छाती होईना. हात दमले तेव्हा त्याने कंबर हलवली. कंबर दुखली तेव्हा खांदे.

अशात मागच्या दाराच्या काचेत स्तेफ्का उगवली, हातात झाकलेला पास्का घेऊन. भाऊ भिंतीपुढे मुका नाच करतोय, वहिनी पातेल्यापुढे हात जोडून बसलीय. ओरिसियाने ओठांवर बोट ठेवलं. तेवढं स्तेफ्कालाही कळत होतं. दार न वाजवता ती आत आली.

"वहिनी, याला काय झालं?"

"भट्टी चालवतोय."

स्तेफ्काने फडकं हळूच उचललं. पीठ काठाच्या वर आलं होतं, गोल, गुळगुळीत. तिने आपला पास्का मुकाट्याने काखेत मारला.

"ते डबडं उतरवू ना?" तिमकोने धापा टाकत विचारलं.

"राहू दे," ओरिसिया म्हणाली. "तुला घरात हलवणारं कुणीतरी मिळालं एकदाचं. तू कशाला थांबलास?"