मनगटावरचं वाक्य

हेमलता सप्रे हिला गोष्ट सुरू करता येई, संपवता येत नसे. एम.एस्सी. होऊन ती खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातल्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागली, त्याच्याही आधीपासूनचं हे दुखणं. महाराजपूरला ती दादाच्या घरी राही, तिथे तिची एक ट्रंक होती, तिच्यात सगळ्या अर्ध्या गोष्टी. शेवट जवळ आला की तिला वाटे, थांबू, अजून नीट सुचेल. आणि थांबलेली गोष्ट विरून जाई.

मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक दरवर्षी दिवाळीला निघे; ज्यानं त्यानं आपली गोष्ट आपल्या हातानं त्यात उतरवायची. संपादक बापूसाहेबांनी यंदा तिला स्पष्टच सांगितलं, "दसऱ्यापर्यंत पूर्ण गोष्ट दे, हेमलता. अर्धी आणलीस तर यापुढे मी मागणार नाही. मलाच आता मागायची लाज वाटते."

तिनंही मनाशी धरलं होतं, ही शेवटची संधी. पण पासष्टच्या त्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली, कारखान्यात ओव्हरटाइम लागला, आणि दिवसाचा सगळा जागता वेळ फाटकाच्या आत जाऊ लागला. तिथे स्वतःचा कागदाचा कपटाही आत न्यायला बंदी होती, बाहेर आणायलाही. मग हेमलता डोक्यात लिहू लागली. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडत असताना वाक्य जुळवायचं, घोकायचं, बसमध्ये पुन्हा म्हणायचं आणि घरी पोचताच चपला न काढता उतरवायचं. वाटेत विसरलं, तर ते त्याच लायकीचं होतं असं समजायचं.

गोष्ट मीरा नावाच्या बाईची होती. नवरा लढाईवर गेलेला, त्याची सायकल दारात, बाजार लांब. मीरा ती सायकल शिकते.

त्या दुपारी वाक्य आलं : 'सायकल अंगावर पडली तेव्हा मीराला पहिल्यांदाच नवऱ्याचा राग आला.' हेमलता दचकलीच. हा राग तिनं ठरवलेला नव्हता. त्याच वेळी तपासायचे नवे नमुने येऊन पडले. हे वाक्य हरवलं तर गोष्टच हरवेल, या भीतीनं तिनं काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल उचलली आणि डाव्या मनगटाच्या वर ते लिहून टाकलं. सुटताना पुसू म्हणाली, आणि कामाच्या गर्दीत विसरली.

बायकांच्या फाटकावर झडती घ्यायला अनसूयाबाई असत. त्यांनी हेमलताच्या हातावरचा पदर बाजूला केला.

"अगं बाई! हे काय लिहून राहिल्या हातावर?"

"गोष्ट आहे हो, अनसूयाबाई."

"काहून, घरी कागद नाही?" त्यांनी हात उजेडाकडे वळवून वाचलं. "नवऱ्याचा राग? तुमचं तर लग्न बी नाही झालं!" मग त्यांचा आवाज खाली आला. "मले साहेबाले दाखवा लागते. दिवस लढाईचे आहेत, बाई."

सुरक्षा अधिकारी तिवारीजींनी वाक्याचा अर्थ अनसूयाबाईंकडून हिंदीत करून घेतला. "ये मीरा कौन है? किस सेक्शन में?"

"कहीं नहीं है, साहब. मन की है."

"जो है ही नहीं, उस पर साइकिल कैसे गिरी?"

तिवारीजींनी फाइल पुढे ओढली. "कहानी है तो सुनाइए. पूरी. नहीं सुना पाईं तो मुझे ऊपर रिपोर्ट भेजनी पड़ेगी."

रिपोर्ट म्हणजे नोकरीवर पाणी. हेमलता उभ्यानं हिंदीत सांगू लागली. मीराचं घर, खडीचा रस्ता, हसणाऱ्या शेजारणी. तिवारीजींचं पेन थांबलं. रागापाशी मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आदमी लड़ाई पर है और इसको गुस्सा आ रहा है? ये ठीक नहीं. फिर?"

फिर? पुढे काही नव्हतंच. समोरच्या आठीकडे बघत तिनं शेवट जुळवला. नवरा विजयी होऊन परत आला. मीरा रडली, पाया पडली, माझं चुकलं म्हणाली. त्यानं सायकल हातात घेतली आणि ती मागे कॅरिअरवर बसली.

अनसूयाबाईंनी डोळे पुसले. "लई बेस झालं."

"बढ़िया," तिवारीजी म्हणाले. त्यांनी तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला, रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसायला लावला. "दोबारा दिखा, तो नौकरी जाएगी. समझीं?"

बसमध्ये हाताला रॉकेलचा वास येत होता आणि हेमलताला स्वतःची शरम वाटत होती. समोरच्या माणसाला खूश करायला तिनं मीराला वाकवलं होतं. पण शरमेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची एक गोष्ट शेवटाला पोचली होती. शेवट खोटा होता, पण होता. त्यामुळे तो तपासता येत होता. चुकलेला प्रयोग कुठे बघायचं ते तरी सांगतो, न केलेला काहीच सांगत नाही. ती शब्दाशब्दानं मागे गेली आणि नेमकी जागा सापडली. मीरा पाया पडते तिथे. राग आलेली मीरा पाया पडणार नाही.

"चहा टाकू?" घरी पोचताच ती कागद घेऊन बसली तशी पुष्पावहिनींनी विचारलं.

"नंतर, वहिनी."

"लागली समाधी!" दादा ओट्यावरून म्हणाला. "आता घराला आग लागली तरी बाईसाहेब उठायच्या नाहीत."

तिनं आधी खोटा शेवट पूर्ण लिहून काढला. मग त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं. नवरा परत आला. हार झाले, पेढे झाले. लोक पांगल्यावर त्याची नजर सायकलच्या वाकलेल्या मडगार्डवर गेली. "हे कुणी केलं?" "मी. शिकताना पडले." तो पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. मीरा दुसरं वाक्य बोलली नाही.

दसऱ्याला ती सदर बाजारात बापूसाहेबांच्या घरी गेली. त्यांनी दारातच गोष्ट वाचायला घेतली, ती थेट शेवटच्या ओळीपर्यंत. मग चष्मा काढला.

"चांगली आहे गं. पण शेवट जरा कोरडा नाही का? लढून आलाय बिचारा. तिला एवढंच म्हणू दे, माझं चुकलं."

"म्हणून पाहिलं तिनं. तिला शोभलं नाही."

"मग असं कर, थोडी थांब. दिवाळीला वेळ आहे. अजून नीट काही सुचेल."

हेमलताला जुनी ओढ लागली. घरी न्यावी, ट्रंकेत ठेवावी, पुन्हा बघावी. तिनं कागद बापूसाहेबांच्या हातातून घेतले, कडा जुळवल्या आणि परत त्यांच्याच हातात दिले.

"नाही, बापूसाहेब. गोष्ट संपली आहे. कुठल्या पानापासून उतरवायची, तेवढं सांगा."